प्यायले होते का, हे कोणी विचारलंच नाही

आमचे हे कारखान्याची बस चालवायचे. सकाळी पहिल्या पाळीची माणसं गेटवर सोडायची आणि मग त्याच बसने टाउनशिपची पोरं शाळेत. एका रविवारी ते मंडीदीपला मित्राच्या घरी बारशाला स्कूटरवरून गेले. परतताना बाग सेवनियाजवळ पोलिसांनी अडवलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरने लिहिलं, तोंडाला दारूचा वास, डोळे लाल. दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटून आले. मी विचारलं तर म्हणाले, कोणीतरी शर्टावर सांडली.

मी शर्ट हुंगून पाहिला. घाम आणि पेट्रोल. त्यावरून काही कळेना.

शेजारपाजारचे म्हणाले, दंड भरा आणि मोकळे व्हा. पण दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. ते कारखान्यात कळलं की बस गेली, आणि बसबरोबर क्वार्टरही. म्हणून आम्ही शाहपुऱ्याला एका वकिलाकडे गेलो. असल्याच केसेस तो जास्त लढायचा.

रक्त काढलं का, त्याने विचारलं. नाही. मशीनमध्ये फुंकायला लावलं? नाही. सरळ रेषेवर चालायला लावलं? तेही नाही. प्रत्येक ‘नाही’ला वकिलाचा चेहरा खुलत होता. मला नवल वाटलं. आजार सांगावा आणि डॉक्टरने पेढे मागावेत, तसं ते चाललं होतं. शेवटी मीच म्हटलं, वकीलसाहेब, हे प्यायले होते का, ते तुम्ही विचारलंच नाही.

वकील हसला. “भाभीजी, मैं पूछूँगा और ये बता देंगे. फिर मैं क्या करूँगा?”

मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होते.

मग मी प्रत्येक तारखेला डबा बांधून कोर्टात जायला लागले. शेजारणी म्हणायच्या, तुझं तिथे काय काम? मला बघायचं होतं, तो प्रश्न शेवटी विचारतो कोण. पोलीस बोलला ते अंधार किती होता त्यावर. सरकारी वकील बोलला तो कागदावरच्या सहीवर.

आमच्या बाजूने साक्षीला यांच्याच बरोबरचा एक ड्रायव्हर उभा राहिला. नागपूरचा, मनाने चांगला. तोही बारशाला होता; निघताना हे न झोकांडता स्कूटरपर्यंत चालत गेले, एवढंच त्याने सांगायचं होतं. पण त्याला भरून आलं आणि तो म्हणाला, साहेब, हा माणूस ड्यूटीवर कधीच पीत नाही.

“और छुट्टी के दिन?” सरकारी वकिलाने विचारलं.

“छुट्टी के दिन तो साहब, सभी...” एवढं बोलून तो थांबला. न्यायाधीशसुद्धा हसले. आमच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

वाचवलं ते डॉक्टरने. आमच्या वकिलाने त्याला विचारलं, वासावरून किती प्यायला ते सांगता येतं का? नाही. मंडीदीपहून धुळीतून स्कूटरवर आलेल्या माणसाचे डोळे लाल होतात का? होतात. रक्त का काढलं नाही? बाटल्या संपल्या होत्या. झालं. पुढच्या तारखेला हे सुटले.

बाहेर येऊन यांनी चहा सांगितला. खुशीत होते. मी म्हटलं, उद्या पुन्हा तुमच्या बसमध्ये पोरं बसणार. आता सांगा, प्यायला होतात का?

“कोर्टाने सोडलं ना?”

“कोर्टाने विचारलं कुठे?”

त्यांनी चहा अर्धा ठेवला. मग म्हणाले, प्यालो होतो. रस्ता दिसत नव्हता. पुढे एक ट्रक होता, त्याच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून येत होतो.

“ट्रक खड्ड्यात गेला असता तर?”

“मीही गेलो असतो.”

मी रडले नाही, भांडलेही नाही. मला हवं होतं ते कळलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते बस काढायला निघाले, तशी मी दारात आडवी उभी राहिले आणि म्हटलं, तोंड उघडा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि उघडलं. मी वास घेतला, चहाचा होता, मग बाजूला झाले.

रिटायर होईपर्यंत रोज असंच चाललं. समोरच्या क्वार्टरमधले हसायचे. यांनी मात्र एकदाही तोंड फिरवलं नाही.