जाळी काढली आणि एनिडचा जीव टांगणीला लागला

बर्फ पडणार असं रेडिओवर सांगितलं, की आमच्या विल्फ टॅटरसॉलच्या अंगात येतं. शिडी खांद्यावर टाकून तो सगळ्यांच्या मळ्यांवरून फिरतो आणि ज्यांना शिडी चढवत नाही, त्यांच्या फळझाडांवरच्या जाळ्या गुंडाळून ठेवतो. नाहीतर बर्फाच्या वजनानं फाटतात मेल्या. कुणाला विचारत नाही, आभार मानले तर गुरकावतो. हाच आमच्या मळेवाल्यांच्या मंडळाचा सेक्रेटरी.

कौन्सिलकडून भाड्यानं घेतलेले आमचे मळे म्हणजे चार-दोन वाफेच. माझ्या शेजारचा एनिडचा. आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात कस्टर्ड ढवळलेली बाई, गुडघे कामातून गेलेले. तिच्या गूजबेरींचा पाला दरवर्षी अळ्या फस्त करायच्या, म्हणून यंदा तिनं जाळीच्या पिंजऱ्यात झुडपांखाली लावऱ्या, ती मुठीएवढी पाखरं, सोडल्या. त्यावरून सभेत केवढं रामायण!

"कोंबड्या चालतात, मग ह्यांनी काय घोडं मारलंय?" एनिड कडाडली.

"ठेव. पण एक जरी लावरी दुसऱ्याच्या मळ्यात दिसली, तर सगळ्या जातील. सांगून ठेवतोय," विल्फ म्हणाला.

अळ्या गेल्या, गूजबेरी लगडल्या. पण खरी गोष्ट वेगळीच. नवरा गेल्यापासून मुकी झालेली एनिड त्या पाखरांशी दिवसभर बोलायला लागली.

"माझ्याशी कधी एवढं बोलली नाहीस," मी एकदा टोमणा मारला.

"त्या मधे तोंड घालत नाहीत, मॉड."

तर परवा दुपारी चहाचा थर्मास घेऊन आले, तर एनिड पिंजऱ्याच्या दारात पांढरीफटक उभी. वर बघितलं, तर छताची जाळी गायब! लावऱ्या खाली पाचोळ्यात उकरत होत्या. पाचोळ्याच्याच रंगाच्या त्या, शिडीवरून विल्फला दिसल्याच नसणार, घाईत आठवल्याही नसणार. त्यांनाही छप्पर गेल्याचा पत्ता नव्हता. पण लावरी दचकली की सरळ वर उसळते. एरवी मऊ जाळीला आपटून खाली येते. आता वर नुसतं आभाळ.

तेवढ्यात विल्फ बोंबलतच आला. "काय गं एनिड, जाळी—"

मी त्याच्या तोंडावर हातच ठेवला. "खाली बघ, शहाण्या!"

त्यानं बघितलं. चेहरा उतरला बिचाऱ्याचा. त्यानं बूट काढले आणि यॉर्कशायरच्या त्या गारठ्यात नुसत्या मोज्यांवर शिडी चढला. दुसऱ्या बाजूनं मी जाळी ओढत होते. एनिड आत उपड्या बादलीवर बसून हळू आवाजात बोलत होती, "या गं बायांनो, काही नाही झालं, इथंच बसा माझ्यापाशी." आणि त्या खरंच तिच्या पायांशी गोळा झाल्या. मला तर श्वास घ्यायची भीती वाटत होती.

शेवटचा कोपरा राहिला आणि विल्फला शिंक आली.

फर्रर्र! बाकीच्या लावऱ्या जाळीला धडकून पडल्या, एक मात्र त्या कोपऱ्यातून निसटली, कुंपणावरून पार विल्फच्या लीकच्या वाफ्यात. जाड्या कांद्याच्या पातीसारखे, प्रदर्शनात बक्षिसं मिळवणारे लीक ते. तिथं तो स्वतःच्या बायकोलाही पाय ठेवू देत नाही.

"संपलं," एनिड पुटपुटली. "आता सगळ्याच जातील." मला विल्फचा असा राग आला, की शिडी लाथेनं पाडावीशी वाटली.

विल्फ उतरला. कोपरा बांधला, बूटही न घालता गेला. बऱ्याच वेळानं परत आला तो टोपी छातीशी धरून. गुडघे चिखलानं बरबटलेले.

"घे. तुझ्याच मळ्यात, रास्पबेरीखाली दडली होती," तो गुरकावला.

एनिडनं टोपीत हात घातला. उबदार, जिवंत लावरी बाहेर आली. तिनं ती गालाशी धरली आणि ढसाढसा रडली. माझाही जीव भांड्यात पडला.

मग तिनं नाक पुसलं, विल्फच्या टोपीला चिकटलेली लीकची तुटकी पात काढली आणि नीट निरखून पाहिली.

"रास्पबेरीला हल्ली ही असली पानं येतात वाटतं?"

"हवामान बदललंय," विल्फ म्हणाला आणि बूट शोधायला लागला.