चष्मेवाल्यांनी रेल्वे निवडली

चष्मेवाल्यांचं सगळं आयुष्य एका प्रश्नावर चाललं होतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ते त्याच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवायचे, तिच्यात एक काच घालायचे, काढायचे, दुसरी घालायचे आणि विचारायचे, "आता बरं दिसतं की मघाशी?" माणसं गोंधळायची. काही जण तर काच बदललेली नसतानाही "आता बरं" म्हणून मोकळे व्हायचे. चष्मेवाले न चिडता पुन्हा विचारायचे. घाई करायची नाही आणि उत्तर सुचवायचं नाही, एवढे दोनच नियम ते पाळत, पण ते कडक पाळत.

दुकानाच्या मागच्या खोलीत मात्र गिऱ्हाइकाला मज्जाव होता. तिथे रेल्वे होती. प्लायवूडच्या फळ्यांवरून खोलीभर बोटभर रुंदीचे रूळ फिरत होते. खिडकीखाली स्टेशन, कोपऱ्यात कागदाच्या लगद्याचा डोंगर, त्यात बोगदा आणि दारात उचलून बाजूला ठेवायचा पूल. स्टेशनचं छप्पर चष्म्याच्या जुन्या डब्यांचं होतं, दिव्यांचे खांब मोडक्या काड्यांचे. या रेल्वेला कुणी खेळणं म्हटलं तर चष्मेवाले वाद घालत नसत. त्याचा चष्मा तयार व्हायला थोडा उशीर व्हायचा, इतकंच.

ही रेल्वे दोघा भावांची. थोरल्याने इंजिन चालवायचं. धाकट्याने, म्हणजे चष्मेवाल्यांनी, गाडीची वाट वळवणारे सांधे बदलायचे, डबे जोडायचे आणि गाडी घसरली की टेबलाखाली रांगत जाऊन ती शोधायची. ही वाटणी दोघं शाळेत असताना थोरल्याने केली होती. थोरल्यांनी केलेल्या वाटण्या कशा असतात, ते जगातल्या सगळ्या धाकट्यांना ठाऊक आहे. केस पिकले, चष्मेवाल्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, तरी वाटणी बदलली नाही.

थोरला पोस्टातून निवृत्त झालेला, बिनलग्नाचा, लिफ्ट नसलेल्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर राहणारा. एका सकाळी अर्धांगाने त्याचा उजवा हात आणि उजवा पाय धरला. जीव वाचला, जीभही वाचली. जीभ वाचल्याचं वॉर्डातल्या सिस्टरांना पहिल्याच दिवशी कळलं. डॉक्टर म्हणाले, आता जिने विसरा, तळमजल्यावर खोली बघा.

चष्मेवाल्यांच्या घराच्या तळमजल्यावर दुकान होतं, आणि तिथे देता येण्याजोगी खोली एकच होती, रेल्वेची.

"माझी खाट टाकायला रूळ उखडणार?" थोरला पडल्यापडल्या म्हणाला. "मग मी येत नाही. वृद्धाश्रमात जागा सांगून ठेवलीय मी."

"दादा, लाकडाच्या फळ्या आहेत त्या."

"फळ्या तुझ्या असतील. रेल्वे माझी आहे."

चष्मेवाले भावाला चांगले ओळखून होते. एकदा नाही म्हटलं की तो मोडेल पण वाकणार नाही. आणि भाऊ परक्यांच्या हातचं जेवत, भिंतीकडे तोंड करून दिवस काढतोय, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. रेल्वे मोडावी तर भाऊ येत नाही आणि न मोडावी तर त्याला ठेवायचं कुठे?

तोड सुचवली ती जवळचं न दिसणाऱ्या एका गिऱ्हाइकाने. तो कॉम्प्युटरचा दुकानदार होता. चौकट नाकावर असतानाच तो म्हणाला, "अहो, तुमची रेल्वे पडद्यावर न्या की. त्याची सॉफ्टवेअरं मिळतात. खरी गाडी चालवल्यासारखं वाटतं." दुसऱ्या दिवशी त्याने तीन वेगवेगळी सॉफ्टवेअरं एका लॅपटॉपवर घालून आणून दिली. वापरून बघा, आवडेल ते ठेवा, म्हणाला.

मग जे सुरू झालं, त्याने चष्मेवाल्यांच्या बायकोच्या नाकी नऊ आले. ती दुकानाचा गल्ला सांभाळायची आणि नवऱ्यालाही. तिन्ही सॉफ्टवेअरांची इंग्रजी नावं तिने धुडकावून लावली आणि स्वतः बारसं केलं.

पहिला नवरदेव. हा इतका नटलेला की पावसाचे थेंब इंजिनाच्या काचेवरून ओघळताना दिसायचे. दुसरा हेडमास्तर. याच्यात गाडी सुरू करायच्या आधी ब्रेक तपासा, दाब बघा, अमुक खटका वर, तमुक खाली. एक चुकलं की लाल अक्षरांत शेरा. आणि तिसरी गरीब गाय. तिची झाडं पुठ्ठ्याची वाटायची आणि स्टेशनवरची माणसं खांबासारखी ताठ उभी असायची.

चष्मेवाले नवरदेवावर भाळले. भाळणारच. दिसण्यावर ज्याचं पोट, तो दिसण्याला भुलणार नाही तर कोण? पण दुसऱ्या दिवशी त्यांना हेडमास्तरचा नेमकेपणा आवडला. तिसऱ्या दिवशी पुन्हा नवरदेव. जेवताना नवरदेव, हात धुताना हेडमास्तर. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दिवसभर दुसऱ्यांकडून निवड करून घेणाऱ्या या माणसाला स्वतःची निवड काही करता येईना. तिकडे वृद्धाश्रमातून जागा रिकामी झाल्याचा निरोप येऊन थडकला.

शेवटी बायकोने दुपारी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि नवऱ्याला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. समोर लॅपटॉप ठेवला. नवरदेव लावला, बंद केला, हेडमास्तर लावला.

"आता बरं की मघाशी?"

"मघाशी."

तिने पुन्हा फिरवाफिरवी केली. "आता की मघाशी?"

"आता. म्हणजे... मघाशीही वाईट नव्हतं."

"अहो, तुमच्या गिऱ्हाइकांना मी उगाच हसायचे," ती म्हणाली. मग ती नुसती पडद्याकडे बघत राहिली आणि तिने सहज विचारलं, "यात तुम्ही कुठे बसता?"

"इंजिनात. ड्रायव्हरच्या जागी."

"आणि भाऊजी?"

चष्मेवाल्यांनी पडद्यात वाकून बघितलं. नवरदेवात ड्रायव्हरची एकच जागा होती आणि मार्गही दुसऱ्यांनी आखलेले. हेडमास्तरच्या वर्गातही विद्यार्थी एकच. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून बघायचं. आठवडाभर ते चित्रं तपासत बसले होते, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याला बसायला जागा आहे का हे त्यांनी बघितलंच नव्हतं. चष्मा कसा दिसतो यावर दिवस घालवला आणि नंबर विचारायचा राहिला. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

गरीब गाय त्यांनी पुन्हा उघडली आणि या वेळी धीराने शोधलं. दोन लॅपटॉप जोडले की एकाच रेल्वेवर दोघांना काम करता येत होतं: एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने सांधे आणि सिग्नल सांभाळायचे. शिवाय रूळ आपले आपण टाकता येत होते.

"ही," चष्मेवाले म्हणाले.

"मघाशी की आता?"

"हीच. आता विचारू नकोस."

मग ते टेप घेऊन मागच्या खोलीत शिरले. रुळाचा तुकडा न् तुकडा मोजला, खऱ्या रेल्वेच्या मापाचा केला आणि पडद्यावर टाकला. स्टेशन, बोगदा, पूल, सगळं जिथल्या तिथे. पहिली गाडी सोडली आणि ती बोगद्यानंतरच्या वळणावर घसरली. वेग कमी केला, तरी घसरली. डबे हलके केले, तरी तेच. चष्मेवाले घामाघूम झाले.

बायको चहा घेऊन आली. "इथे एवढं वळवलंय कशाला? समोर तर सगळं मोकळं रान आहे."

"तिथे कपाट आहे," चष्मेवाले म्हणाले.

म्हणाले खरे, आणि मग दोघं एकमेकांकडे बघून इतके हसले की चहा बशीत सांडला. तीस वर्षं गाडी कपड्यांच्या कपाटाला वळसा घालून जात होती. पडद्यावरच्या अख्ख्या माळरानात कपाट कुठेच नव्हतं, पण ते यांच्या डोक्यात ठाण मांडून बसलं होतं. त्यांनी वळण पुसलं आणि रूळ सरळ नेले, नजर पोचेल तिथपर्यंत.

भेटीच्या वेळी ते दोन लॅपटॉप घेऊन वॉर्डात गेले. दुसरा कॉम्प्युटरवाल्याने उसना दिला होता. थोरल्याला उशांना टेकवून बसवलं आणि ड्रायव्हरचा लॅपटॉप त्याच्या डाव्या हाताशी ठेवला. थोरल्याने पडद्यावरचं स्टेशन बघितलं. खिडकीखालचं, आपलं.

"झाडं भिकार आहेत," मग तो म्हणाला आणि लॅपटॉप ढकलला. "गाडी तू चालव. मला सांधे दे."

"मी? दादा, आजपर्यंत कधी—"

"एका हाताने तेवढंच जमेल."

ते खोटं होतं. इंजिनही एका हाताने चालत होतं, आणि ते त्याला पडद्यावर दिसत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची खोड जुनीच. चष्मेवाल्यांनी गाडी सुरू केली. थोरल्याने डाव्या बोटाने सांधा बदलला, गाडी पुलावरून गेली, बोगद्यात शिरली, बाहेर पडली.

"कपाट कुठे गेलं?" थोरला एकदम म्हणाला.

"इथे कपाट नाही, दादा."

"मग रांगतोस कशाला? सोड."

चष्मेवाल्यांनी गाडी सोडली. सरळ रुळांवरून ती सुसाट निघाली. शेजारच्या खाटांवरचे पेशंटसुद्धा माना उंचावून बघायला लागले. दादासमोर आयुष्यात पहिल्यांदा गाडी चष्मेवाल्यांच्या हातात होती. आनंद त्यांच्या तोंडावर मावेना आणि तो त्यांनी लपवला नाही.

पडद्यावर गाडी परत येताना स्टेशनाबाहेर सिग्नलचा हात आडवा होता, म्हणजे थांबायचं. चष्मेवाल्यांनी गाडी थांबवली आणि वाट बघितली. सिग्नल हलेना.

"दादा, सिग्नल दे."

"आधी ऐक. खाट खिडकीखाली पाहिजे."

"टाकतो."

"डोंगर मोडायचा नाही. दुकानात ठेव. बाकी सगळं उखड."

"बरं."

"एक दिवस तू चालवायची, एक दिवस मी. आणि हा पडदा लहान आहे. घरी मोठा लाव."

चष्मेवाल्यांनी मान हलवली. थोरल्याने बोट दाबलं आणि पडद्यावरच्या सिग्नलचा आडवा हात खाली झुकला. रेल्वेवाले याला सिग्नल पडला म्हणतात. वाट मोकळी आहे, गाडी आत आणा.

"पडला," चष्मेवाले ओरडले. "पडला, पडला."

वॉर्डात हा शब्द चांगला नाही. हातातलं सगळं टाकून सिस्टर धावत आली. "कोण पडलं? कुठे?"

"कुणी नाही पडलं," थोरला म्हणाला. "माझं सामान बांधा. मी घरी चाललोय."