कुंकीची शेपटी

मुळशी खोऱ्यात गाईम्हशींची डॉक्टरकी सांगणारे पैशाला पासरी भेटतील, पण माशाच्या फाटक्या परावर इलाज करणारी एकच, अनसूयाबाई. हसू नका! पौडच्या अलीकडे साधनाताईंचं फार्महाऊस आहे. तिथल्या तळ्यात रंगीत जपानी मासे आहेत, आणि त्यांच्या अंगाला हात लावायचा तो फक्त या बाईनं. दगडाला घासून नाहीतर खंड्याची चोच लागून कुणाचा पर फाटला, की ती त्याला वेगळ्या टबात काढायची, मिठाचं पाणी करायची, रोज एकदा ओल्या फडक्यावर घेऊन जखमेला औषध लावायची. दोन-तीन आठवड्यांत पर भरून यायचा. मग बाईचा तोरा काय विचारता!

कुंकीनं मात्र तो तोरा उतरवला. कुंकी म्हणजे पांढरीशुभ्र मासळी, कपाळावर लाल टिळा. शेपटीचा पर फाटला म्हणून टबात घेतली, ती महिना झाला तरी बरी होईना. चार दिवस भरून यायचं, पाचव्या दिवशी नवी चीर. आता तर तिनं खाणंही सोडलं होतं.

साधनाताई म्हणाल्या, "अनसूयाबाई, रविवारपर्यंत बघू. नाहीतर शांतपणे मरण देऊन सोडवू तिला. उगाच हाल नकोत."

बाई टबाशी बसून राहिली. इथं दगड नाही, खंड्या नाही, दुसरा मासा नाही. मग हिला फाडतंय कोण? तिनं औषधासाठी कुंकीला उचललं, तशी तिनं शेपटी झाडली. शेपटी थेट मनगटावर आपटली. बाईनं हातातली हिरवी काकणं निरखली. एकाचा टवका उडाला होता. अंगठा फिरवला, तर टचकन रक्त आलं.

"अगं बया! मीच की गं!"

ज्या हातानं महिनाभर औषध लावलं, तोच हात पुन्हा पुन्हा चिरत होता. ती तिथंच रडली.

टवक्याचं काकण बदलता आलं असतं. पण काच ती काच, तळ्याच्या दगडांवर हात रोज आपटणार आणि नवीनही तडकणार. माशाला हात लावायचा तर काकणं उतरवूनच. आणि तिथंच घोडं अडलं होतं. वर्षापूर्वी तिच्या नवऱ्याला, नरहरीला, अर्धांगाचा झटका आला, तेव्हा तिनं दोन्ही हात भरून चुडा भरला होता आणि देवीला शब्द दिला होता, 'ह्यांना वाचव, हात कधी भुंडे ठेवणार न्हाई.' नरहरी वाचला. उजव्या हातात जोर तेवढा आला नाही, साधा पेलाही सुटून पडायचा.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं.

"मंग काढ की," नरहरी म्हणाला.

"तोंड सांभाळा! देवीला शब्द दिलाय मी. मला भ्या वाटतंय, अवो."

नरहरीनं तो लुळा उजवा हात पुढं केला. "हितं दे. तू येस्तवर मी धरून बसतो. काकणं घरातच हायेत, देवीला दिसंल की."

सकाळी साबण लावून तिनं एकेक काकण उतरवलं, त्याच्या तळहातावर ठेवलं, आणि त्याची बोटं आपल्या हातानं मिटवली. मग रोजचंच झालं. मोकळ्या हातांची तिला दिवसभर भीती वाटायची, पण कुंकीच्या शेपटीवर नवी चीर पडली नाही.

रविवारी साधनाताई आल्या, तेव्हा कुंकीनं पहिला दाणा गिळला. "राहू दे हिला," त्या म्हणाल्या.

हे सांगायला बाई धावत घरी आली. दुपार टळली होती. नरहरी खाटेवर तसाच बसलेला, मूठ घट्ट आवळलेली, शेजारी चहावर साय धरलेली.

"अवो, चहा तरी प्यायचा! डावा हात व्हता की मोकळा!"

"समदं ध्यान हिकडं व्हतं," तो म्हणाला आणि मूठ हळूच उघडली. "मोजून घे. एक बी पडू दिलं न्हाई."