सुजाताने शोधलेलं घर

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढं सोडून बाकीचं सगळं बोलते. मग तुम्हालाच का? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता गळ्याशी आलंय म्हणून असेल.

आधी घराबद्दल सांगते. घराबद्दल बोलणं मला सोपं जातं. भिवंडीत, निजामपुऱ्याच्या भर गर्दीत, पहिल्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. एवढंसंच आहे, पण बांधणाऱ्याने डोकं लावून बांधलंय. भिंती अशा विटांच्या की भर उन्हाळ्यातही आतून गार. खिडक्यांना दुहेरी काच, त्यामुळे गल्लीतल्या कापडाच्या लूमची खटखट आत जेमतेम पोचते. गच्चीवर सोलर. पहिलं बिल बघून नवरा म्हणाला, मीटर बिघडलाय. आणि प्रत्येक घरात एक प्लग असा, जो लाइट गेली तरी चालू राहतो. भिवंडीत लाइट किती जाते, ते इथे राहिलेल्यालाच ठाऊक.

त्या एका प्लगसाठी सुजाताने हे घर शोधलं होतं. हो, सुजाताने. मी नाही.

सुजाता जाधव आणि मी भिवंडीजवळ वळ गावातल्या एका गोदामात शेजारी शेजारी बसतो. माल आला, माल गेला, दिवसभर कॉम्प्युटरवर तेच. तिची आई, मी तिला मावशी म्हणायचे, छातीच्या दुखण्याने खंगलेली. घरी ऑक्सिजनचं मशीन लावलेलं, आणि ते विजेवर चालणारं. राहनाळला त्यांच्या घरी लाइट गेली की सुजाता ड्युटी टाकून पळायची. ऑक्सिजनचा बाटला लावायची, तो पुरेल का याचा हिशेब करत बसायची. दुसऱ्या दिवशी डोळे सुजलेले, तरी माझ्या डब्यातली भाजी चाखून नावं ठेवायला तयार. तशी आहे ती.

आणि मी? मी तेव्हा पत्र्याच्या खोलीत राहत होते. भिंतीला भिंत लावून लूमचा कारखाना. फळीवरची भांडी हलत हलत खाली यायची. मुलीचं अंग घामोळ्यांनी भरलेलं. हे का सांगतेय मी? तुम्हाला माझी दया यावी म्हणून? — तसंच असणार. म्हणजे इथेही मी तेच करतेय.

घराची मालकीण निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना टीचरच म्हणतात. त्यांनी सुजाताला सांगितलं होतं, कुणीतरी ओळखीचं माणूस घेऊन या. सुजाता मला म्हणाली, "तू चल गं. तुझं बोलणं गोड आहे, तुझ्यावर विश्वास बसेल त्यांचा."

गेलो. दुपारची वेळ होती. आत पाऊल टाकलं आणि तो गारवा अंगाला लागला. मी भिंतीला हात लावला आणि तसाच ठेवला. तेव्हाच — हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय — तेव्हाच मला ते घर हवंसं झालं. नुसतं आवडलं असं नाही. जीव खाली-वर होईल इतकं हवंसं झालं.

सुजाता टीचरच्या मुलाबरोबर सोलर बघायला गच्चीवर गेली. जाण्याआधी टीचरनी तिला किल्लीसुद्धा दाखवली होती, कुलूप जरा अडकतं, असं फिरवायचं म्हणून. म्हणजे ठरलंच होतं. खाली टीचर आणि मी दोघीच. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "जाधव म्हणजे कुठले हो?"

हा प्रश्न गावाचा नसतो. तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत होतं. माझं आडनाव असं आहे की मला हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही. मी म्हटलं, "राहनाळचे." उत्तर खरं होतं आणि पुरेसं होतं. टीचरनी मान हलवली. तिथे विषय संपला होता.

तो मी संपू दिला नाही.

मी हसून म्हटलं, "फार चांगली माणसं आहेत, टीचर. बुद्धपौर्णिमेला त्यांच्या विहारात हिच्या आईच्या हातची खीर असते. मी दरवर्षी खाते." बस, एवढंच. कौतुक केलं मी. कुणी शेजारी उभं असतं तरी माझी एक चूक काढू शकलं नसतं. टीचरच्या चेहऱ्यावरचं हसू जरासं मावळलं. त्या ओटा पुसायला लागल्या, ओटा स्वच्छच होता. मग मी, उगाच बोलल्यासारखं, पुढे म्हटलं, "आम्हीही खोली शोधतोयच म्हणा."

सुजाताला कुणी विचारलं असतं, तर तिने स्वतःच सांगितलं असतं. ती लपवणाऱ्यातली नाही. पुढे कितीदा मी याच वाक्यामागे लपायला बघितलं — की आज ना उद्या कळलंच असतं. पण तिला विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं, आणि तेही अर्धंच. उरलेलं मी स्वखुशीने सांगितलं. टीचरना नावं ठेवू का? ठेवता येतील. पण नाही म्हणायला त्यांना काय लागेल ते ओळखून मी त्यांच्या हातात आणून दिलं, त्याला काय म्हणायचं?

सुजाताला निरोप गेला, मुलगा नको म्हणतोय. मला फोन आला, तुम्हाला हवंय ना घर? मी सुजातासमोर तोंड पाडून बसले. त्यांनीच विचारलं गं, काय करू? ती म्हणाली, "घे तू. आम्हाला हे काय नवीन नाही. तुला मिळालं म्हणजे घरातच राहिलं समज." सामान हलवायलाही आली. माझं कपाट तिने एका बाजूने धरून पहिल्या मजल्यापर्यंत चढवलं.

एकदा बराच वेळ लाइट गेली तेव्हा मावशीला माझ्याकडे घेऊन आली. मशीन त्या प्लगला लावलं. मावशी भिंतीला टेकून बसली आणि दम खात खात म्हणाली, "तुजा घर जाम थंड हाय गो. माझ्या पोरीला असाच एक बघ ना." मी हो म्हटलं. मी हो म्हटलं, ऐकताय ना?

या उन्हाळ्यात परत तसंच झालं. भर दुपारी सुजाताचा फोन आला — लाइट कधी येईल सांगता येत नाही, बाटला संपलाय, आईला घेऊन तुझ्याकडे निघते. मी प्लगजवळची जागा रिकामी केली. गादी घातली, उशा लावल्या, मशीनसाठी स्टूल पुसून ठेवलं. खिडकीत उभी राहिले. रस्त्यावर ट्रकमागे ट्रक अडकलेले होते, कुणीच हलत नव्हतं. खाली येणारी प्रत्येक रिक्षा मी बघत होते.

त्यांची रिक्षा आलीच नाही. त्या कोंडीतच मावशी गेली, सुजाताच्या खांद्यावर.

राहनाळला गेले तर सुजाता माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "तुझंच नाव घेत होती गं शेवटपर्यंत. तिच्या घरी गेलो का बरा वाटंल, म्हणत होती." तिने मला घट्ट धरलं होतं, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. बायका म्हणत होत्या, बघा, मैत्रीण असावी तर अशी. मी ऐकून घेतलं. तेव्हा बोलले नाही, नंतर बोलले नाही. आजही शेजारी बसून जेवताना बोलत नाही. ती अजूनही आपल्या ताटातलं आधी माझ्या पुढ्यात सरकवते.

परवा टीचरचा फोन आला होता, भाड्याचा पुढचा करार करायचा का म्हणून. मी लगेच हो म्हटलं.