विटांवरचा बिब्बा

मांजरांशी माझं काही वैर नव्हतं. शाळेत डबा खाताना पायाशी घोटाळणाऱ्या मांजरीला मी पोळीचा तुकडा टाकतेच. पण गेल्या हिवाळ्यात अकोल्याला आमच्या घरामागच्या मेथीच्या वाफ्यात तीन मांजरांनी आपला संडास मांडला, आणि मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले.

तो वाफा माझा नव्हता, बाबांचा होता. दिवाळीनंतर त्यांना लकव्याचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र बधिर राहिला. हलायचा, पण त्याला गार-गरम काही कळायचं नाही. आई गेल्यापासून दर्यापूरजवळच्या आमच्या गावी ते एकटेच राहायचे, भाकरी स्वतः थापायचे. मी त्यांना इकडे घेऊन आले. ते आले, पण पाहुण्यासारखे राहिले. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा जड वाटणाऱ्या पिढीतला माणूस. पोट भरलेलं नसलं तरी दुसरी पोळी मागायचे नाहीत. रोज एकच प्रश्न, "मले घरी कधी धाडशीन?"

मी मास्तरीण, अट घातली. हाताला कळायला लागलं की जायचं. तिथे गॅस आहे, तवा आहे. एकट्या माणसाचा हात तव्यावर टेकला आणि त्याला समजलंच नाही तर? डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात कामात ठेवा, मातीत घालू द्या. म्हणून हा वाफा केला. सकाळी बाबा पाटावर बसायचे, उजवा हात कडेच्या विटांवर टेकवायचे आणि डाव्या हाताने खुरपायचे. मग उजव्या हाताची बोटं मातीत घालून चाळवत राहायचे. तेवढा तासभर ते कुणाचेही पाहुणे नसायचे.

एके दिवशी त्यांची बोटं मांजराच्या घाणीत गेली. वासावरून कळलं. नळाखाली किती वेळ ते हात धूत होते! मला म्हणाले, "तुह्या घरात घान आनली म्या." दुसऱ्या दिवशी वाफ्याकडे गेलेच नाहीत. मला त्यांची कीव आली आणि मांजरांचा असा संताप आला की विचारू नका.

विष घालायचं नाही, मारायचं नाही, हे पक्कं होतं. मग घरगुती उपाय. आधी संत्र्यांच्या साली टाकल्या. मांजरांना त्या वासाचा तिटकारा म्हणे. आमच्या मांजरांनी साली बाजूला सारून शेजारी खड्डा केला. मग कॉफीची पूड. आमच्याकडे कॉफी कुणी पीत नाही, ती खास या कामासाठी आणली. नवरा म्हणाला, "पाव्हन्याले चहा अन् मांजराले कॉफी. भारी आहे तुमचं." मग त्यानेच अकोटच्या रस्त्यावरून पऱ्हाट्यांचा भारा आणला. कपाशीच्या त्या वाळक्या काड्या आम्ही वाफ्यात दाट रोवल्या. मांजरं दोन दिवस बिचकली. बाबांचा हात मात्र ओरखड्यांनी भरला आणि त्यांनी हूं की चूं केलं नाही. शेतकऱ्याचा हात आहे, राकट असायचाच, असं मला वाटलं. काड्या मात्र मी उपटून टाकल्या.

इकडे रोज चहानंतर मी त्यांची परीक्षा घेत होते. डोळे मिटायला सांगायचे आणि एकेक बोट दाबून विचारायचे, हे कोणतं? अंगठा. मग पुढचं. ते बरोबर सांगायचे. माघ लागला तेव्हा पाचच्या पाच बोटं यायला लागली. मी हरखून गेले. पुढच्या रविवारी गावी सोडायचं ठरलं. बाबांनी त्याच दिवशी पिशवी भरून दाराजवळ ठेवली आणि म्हणाले, "जायाच्या आंधी मेथी तोडून देतो तुले." इतके दिवस खाल्लेल्या अन्नाचं त्यांना काहीतरी द्यायचं होतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मांजरांनी निम्मी मेथी नासवली.

चौकात लिंबू-मिरची ओवून विकणारी बाई आहे. तिच्यापाशी मी रडगाणं गायले. ती म्हणाली, "बिब्बा फासा ना विटाईले. पाय पोळला का पुन्हा येत नाई." बिब्बा तापवून टोचला की काळं तेल सुटतं. गावाकडे काटा मोडला तर ते टाचेला लावतात, पण नाजूक कातडीवर फोड उठतात. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. झाडाचंच फळ, विष थोडंच आहे, अशी मी मनाची समजूत घातली. बाबा दुपारी झोपलेले असताना दोन्ही हातांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवून मी सगळ्या विटांवर ते तेल फासलं. माझे हात मी नीट जपले.

बाबांना सांगितलं, विटांना हात लावू नका. ते विसरले तरी चिकट लागताच हात काढून घेतील, आता त्यांना कळतं, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा द्यायला गेले तर उजव्या तळव्याची कड फोडांनी भरली होती. एक फोड फुटून पाणी धोतराला लागलं होतं.

"बाबा, हे काय? आग नाई झाली?"

त्यांनी हात फिरवून पाहिला, दुसऱ्याचा असावा तसा. मग म्हणाले, "झाली ना. थोडीशी."

"डोळे मिटा," मी म्हणाले. त्यांनी मिटले. मी एक बोट दाबलं.

"अंगठा," ते म्हणाले.

मी करंगळी धरली होती.

इतके दिवस मी अंगठ्यापासून सुरू करून ओळीने शेवटपर्यंत जात होते. वर्गातलं पोरगं प्रश्न ओळीने आले की उत्तरं पाठ करतं, हे मला वीस वर्षं माहीत आहे. घरात मात्र माझी अक्कल गहाण पडली होती. बाबा नुसतं मोजत होते.

खोबरं आणि तीळ वाटून लावले, मग त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मला नाही नाही ते बोलले आणि ते बरोबरच होतं. घरी आल्यावर मी दाराजवळची पिशवी उचलली. बाबांना तेव्हा समजलं.

"मी गॅस लावनार नाई," ते म्हणाले. "शेजारून भाकर घेईन."

"बाबा, रविवारी मी तुमाले तिथं सोडून आली असती. हा हात तव्यावर जळत राहिला असता, अन् तुमाले समजलं नसतं!" मी ओरडले. बापावर मी पहिल्यांदाच ओरडले.

ते गादीवर बसले होते. पट्टी बांधलेला हात डाव्या हाताने उचलून त्यांनी मांडीवर ठेवला.

"जळलो असतो तं माह्या घरी जळलो असतो, पोरी."

मी रडत रडतच त्यांची धोतरं आणि सदरे एकेक करून कपाटात लावले. बाबा बघत होते. शेवटी मी कपाटाला कुलूप घातलं.