ऐनावरचे पाहुणे

माझ्या बायकोच्या मामांइतका मुंग्यांची बाजू घेणारा माणूस रोहा तालुक्यात दुसरा नसावा. पेण तालुक्यात तर नाहीच. तिथं मी स्वतः राहतो. मामांच्या शेताच्या वरच्या कडेला, रान सुरू होतं तिथं, ऐनाचं एक झाड आहे. त्यावर पानं शिवून राहणाऱ्या लाल मुंग्यांची अकरा घरटी होती. मी मोजली आहेत. अशा झाडाखालून लोक मान खाली घालून पळतात; मामा तिथं घोंगडी टाकून बसत. मुंगी कडाडून चावली की, "चुकलं माझं, वाटेत बसलो," म्हणत आणि वीतभर सरकत. एकदा त्यांनी मला पानावरची चपटी हिरवी अळी दाखवली. तिच्या पाठीतून गोड थेंब येतो. मुंग्या तो चाटतात आणि तिच्यावर पहारा ठेवतात. पुढं तिचं निळं फुलपाखरू होतं. "जावई, एवढी बडदास्त तुमची तरी होते का आमच्याकडं?" मामांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. नाही.

दिवाळीनंतर सगळं गाव राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडतं. त्या वाळवून जमीन भाजल्याशिवाय भाताचं रोप धरत नाही, असा आमच्याकडचा हिशेब. मामा एवढा एक ऐन तोडू देत नसत. त्याऐवजी डोंगरावरून पाल्याचे भारे डोक्यावर आणत. एका वर्षी बावीस.

"अळ्यांना सावली नि नवऱ्याला ओझं!" मामी म्हणायच्या.

"पाहुणे हायेत गो ते."

"पाहुणे कधीतरी जातात!"

गेल्या दिवाळीनंतर मामांची नजर गेली. ऑपरेशनसाठी ते पेणला आमच्याकडं नऊ दिवस होते. उपयोग झाला नाही. तेवढ्यात तिकडं गावी त्यांच्या धाकट्या भावानं राबासाठी त्या ऐनाच्या झाडून सगळ्या फांद्या उतरवल्या. मामांना ते सांगायचा धीर मामींना झाला नाही.

मी मामांना गावी पोचवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मामींच्या खांद्यावर हात ठेवून ते ऐनापाशी आले आणि बुंध्याला टेकून बसले.

"आली का गो फुलपाखरं?"

"व्हय. दोन हायेत."

"हिचा भरवसा नाय. जावई, तुम्ही मोजा."

मी वर पाहिलं. बुंध्याच्या वर नुसतं आभाळ होतं.

"दोनच आहेत," मी म्हणालो. "तिसरं आत्ता उडालं."

मामा समाधानानं हसले. ऊन थेट त्यांच्या डोक्यावर येत होतं. मामी सरकल्या आणि त्यांनी आपला पदर त्यांच्यावर धरला.