टॉवेलखालचा दोरा

ऑपरेशन थिएटरातल्या मुख्य सिस्टरबाईंना सगळे पाठीमागे ‘थांबाताई’ म्हणत; तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. आतड्याचा रोगट तुकडा काढून दोन टोकं जोडून झाली, की सर्जन पोट शिवायला दोरा मागे. बाईंनी तो डाव्या हाताशी टॉवेलखाली दडवलेला असे. सर्जनच्या पसरलेल्या हातावर दोऱ्याऐवजी हवेची मोठी सिरिंज पडे आणि मास्कमागून एकच शब्द येई, “थांबा.”

मग जोड बुडेल इतकं पाणी पोटात ओतायचं, खालून आतड्यात हवा सोडायची आणि बुडबुडा येतो का ते बघायचं. बाईंच्या वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर काढलेली ट्यूब पाण्यात बुडवून पाहिल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. त्यामुळे हे शास्त्र बाईंना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि अडून बसणं वेगळं. अडून बसायला त्या शिकल्या एका शिंप्यामुळे.

बावीस वर्षं झाली त्याला. टेबलावर चढता चढता त्या शिंप्याने बाईंच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून पाहिली होती. “ही शिवण उसवणार हं, बाई. बरा झालो की आणून द्या, फुकट घालून देतो.”

ऑपरेशन करणार होते मोठे डॉक्टर. हात सफाईदार आणि जीभ त्याहून. जोड झाला तसे म्हणाले, “बघा, दागिना आहे दागिना!” बाईंनी सिरिंज पुढे केली. बाहेर आणखी दोन पेशंट खोळंबले होते.

“इथे सर्जन कोण, सिस्टर? तुम्ही की मी?”

बाईंनी सिरिंज खाली ठेवली आणि दोरा दिला. पाचव्या दिवशी शिंप्याला ताप भरला, पोट फळीसारखं ताठ झालं. जोड गळत होता. पुन्हा पोट उघडलं, पण नवव्या दिवशी तो गेला.

पाण्यात पाहिलं असतं तर वाचला असता? छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. बुडबुडा न येताही पुढे जोड सुटतात. मोठ्या डॉक्टरांनी स्वतःची हीच समजूत घातली असावी. बाईंना ते जमलं नाही. महिन्याभरात बाहीची शिवण खरोखरच उसवली, आणि त्या दिवसापासून दोरा टॉवेलखाली गेला. मोठे डॉक्टर आधी ओरडले, मग वरपर्यंत तक्रार केली, शेवटी निमूटपणे पाणी मागू लागले. शिंप्याचा विषय मात्र दोघांपैकी कोणीही कधी काढला नाही.

निवृत्तीनंतर सात वर्षांनी तेच मोठे डॉक्टर आतड्यात गाठ घेऊन त्याच टेबलावर आले. हात धुवायला निघालेल्या बाईंचं मनगट त्यांनी धरलं.

“सिस्टर, दोरा कुठे असतो हल्ली?”

“टॉवेलखालीच, सर.”

“तिथेच राहू द्या,” म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

ऑपरेशन त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या धाकट्या डॉक्टरांचं. गुरूचं पोट उघडायचं म्हणून बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालेलं. जोड मात्र दृष्ट लागावी असा झाला. पाणी ओतलं, हवा सोडली. काही नाही. “झालं!” म्हणत त्यांनी हात पुढे केला.

“थांबा. मागची बाजू राहिली.”

आतडं जरासं कलतं केलं, तेव्हा एक बुडबुडा वर आला, मोहरीएवढा. धाकट्या डॉक्टरांनी तिथे दोन टाके घातले आणि पुन्हा पाहिलं. आता पाणी स्वच्छ, शांत. बाईंनी टॉवेल उचलून दोरा दिला.

पाचव्या दिवशी ड्युटी संपवून बाई वॉर्डात गेल्या. ताप नव्हता, पोट मऊ होतं. मोठे डॉक्टर उशीला टेकून कपातून सूप पीत होते.

“काल वारा सरला, आतडं चालू झालं,” पहिला नंबर आल्यासारखं त्यांनी सांगितलं. बाईंना हसू आलं.

“बुडबुडे किती आले?” त्यांनी विचारलं.

“एक.”

त्यांनी कप तोंडापासून खाली घेतला.

“त्या शिंप्याच्या वेळी किती आले असते हो?”

या प्रश्नाची कितीतरी जहाल उत्तरं बाईंनी बावीस वर्षं जपून ठेवली होती. समोरचा उतरलेला चेहरा पाहून त्यातलं एकही ओठांवर येईना. त्यांनी डॉक्टरांच्या हातातला कप काढून बाजूला ठेवला.

“आपण पाहिलंच नाही, सर.”